एका माणसाचं सूप

३ फेब्रुवारी

ती. वहिनींना नमस्कार,

दोन वर्षांत माझं पत्र नाही आणि आज एकदम जाडजूड पाकीट, तेव्हा तुम्ही आधी शेवटचं पान उलटून बघाल हे मला ठाऊक आहे. बघू नका. सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होतो, पण दवाखान्याच्या स्वयंपाकघरात बॉयलरशेजारी तीस वर्षं काढल्यावर तुमच्या कानांनी फोनशी काडीमोड घेतलाय, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

तुमच्या धाकट्या जावेचं डिसेंबरात पोटाचं ऑपरेशन झालं. तुम्हाला कळवलं नाही, चुकलंच माझं. ऑपरेशन नीट झालं. पण पुढचा उपचार कडक आहे, आणि वजन बेचाळीस किलो भरल्याशिवाय तो सुरू करता येणार नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मार्चअखेरपर्यंत. त्यापुढे फार थांबता येणार नाही, असं म्हणाल्या आणि नुसत्याच पेनाचं टोपण काढत-घालत बसल्या. आज वजन साडेएकोणचाळीस. अडीच किलो कमी, वहिनी. एवढ्या वजनाचं तर माझ्या दुकानात भिंतीवरचं एक घड्याळ आहे.

ती खातच नाही. ताट दिसलं की मान फिरवते. मी स्वयंपाकात काय दिवे लावलेत ते तुम्हाला माहीत आहे. शेजारणी डबे पाठवतात आणि ते मी संपवतो. वजन वाढतंय, पण माझं.

एकोणीस वर्षांपूर्वी ती तुमच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. आमचं बाळ गेलं, ते दिवस. तेव्हा ती फक्त तुमचं चिकन-मश्रूमचं सूप प्यायची, नूडल्स घातलेलं. हे मला परवा एका घड्याळाचं चाक बसवताना अचानक आठवलं आणि चाक हातातून पडलं.

आता मला हेही आठवतं की दादाच्या निवृत्तीच्या जेवणात, सगळ्या पाहुण्यांसमोर, हिने त्याच सुपाचं वाडगं पुढे ढकललं आणि उठून गेली. सात वर्षं झाली त्याला. तेव्हापासून तुम्ही आमच्यासाठी पातेलं चढवलं नाहीत आणि तुम्हा दोघींचं बोलणं 'बरी आहेस ना' आणि 'बरी आहे' यापुढे गेलं नाही. मी मध्ये पडलो नाही. भित्रा माणूस आहे. आज पडतोय.

कृती पाठवाल का? कुठून आली ते तिला सांगणार नाही.

तुमचा घड्याळ्या दीर


९ फेब्रुवारी

भाऊजी,

शेवटचं पान आधी बघितलंच.

डिसेंबरात ऑपरेशन आणि मला फेब्रुवारीत पत्र! मी काय मेले होते? तुमचे दादा असते तर तुमचा कान पिरगाळला असता. ते नाहीत म्हणून वाचलात. असो. पोरगी आजारी आहे, भांडण नंतर.

दवाखान्यात आमच्या भिंतीवर जो तक्ता होता तो मला अजून तोंडपाठ आहे. ऐंशी माणसांचं माप: चिकन सहा किलो, मश्रूम चार, नूडल्स तीन किलो दोनशे ग्रॅम, गाजर अडीच किलोला थोडं कमी. लसूण तीनशे वीस ग्रॅम, आलं दोनशे चाळीस. तमालपत्राची आठ पानं. मिरी चाळीस ग्रॅम, मीठ दोनशे चाळीस, पाणी चोवीस लिटर. लसूण-आलं परतायचं, सगळं घालायचं, चाळीस मिनिटं उकळायचं, वरून लिंबू.

एका माणसाचं माप मला येत नाही. थट्टा करत नाही. आयुष्यात ऐंशीच्या खाली केलं नाही. दादा असताना घरीसुद्धा मी जास्तच करायची आणि जिन्यातल्या सगळ्या दारांवर वाटी जायची. ऐंशीने भाग तुम्हीच द्या, तुमचा हात बारीक कामाला बसलेला आहे.

आणि माझं नाव खरंच काढू नका. वाडगं ढकलणारी माणसं नाव ऐकून चमचासुद्धा उचलत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही. (वाटतं. पण तो विषय आज नाही.)

वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

सूप जळालं.

ऐकून घ्या, माझी चूक नाही. शेजारच्या सोनाराचा काटा आणला. तो दारात उभं राहून विचारत होता, "काय मोडायला आणलंय?" आणि मी त्याच्या काट्यावर पन्नास ग्रॅम मश्रूम ठेवत होतो. चिकन पंचाहत्तर ग्रॅम, नूडल्स चाळीस, मीठ तीन. तमालपत्राचा दहावा हिस्सा भिंग लावून कात्रीने कापला. पाणी तीनशे मिली, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. भागाकार दोनदा तपासला. मग सगळं पातेल्यात घातलं आणि चाळीस मिनिटांचा गजर लावून दुकानात जाऊन बसलो. तुम्हीच चाळीस लिहिलं होतं.

पंचविसाव्या मिनिटाला धूर. पातेल्याच्या तळाशी नूडल्सचा काळा गोळा, त्यात रुतलेलं गाजर. चिमट्याने काढायला लागलो तर चिमटा वाकला. माझा चांगला चिमटा.

पण वहिनी, ती भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, माझ्या डोळ्यावर भिंग, हातात पातेलं आणि बाजूला सोनाराचा काटा बघितला, आणि हसली. टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा. मग अर्धा टोस्ट खाल्ला. तेवढ्यासाठीसुद्धा तुमचे आभार मानायला हवेत, तेव्हा मानतो.

वजन मात्र एकोणचाळीसवर आलंय. मी रोज सकाळी काट्यावरचा आकडा बघतो आणि तिला वाढवून सांगतो. तिला कळत असावं.

घड्याळ्या


२० फेब्रुवारी

अहो शहाणे,

तुमचं पत्र वाचून इतकी हसले की खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई वर बघायला आली. तिला वाचून दाखवलं. तीही जिन्यात बसून हसली.

चोवीस लिटरचं तपेलं आणि तुमचं ते टीचभर पातेलं, दोन्हीतून वाफ सारखी जाते का? तपेलं तासभर उकळलं तरी त्याला फरक पडत नाही. पातेलं तेवढ्यात कोरडं पडणारच. मिनिटांना ऐंशीने भागायचं तुम्हाला सुचलं नाही हे नशीब! पण चूक माझीही आहे. नूडल्स कधी घालायच्या ते मी लिहिलंच नाही, कारण ते काम माझं नव्हतं. पलीकडच्या टेबलावर एक उंच बाई नूडल्स वेगळ्या उकडायची आणि वाडग्यात घालायची, वरून मी ओगराळ्याने सूप ओतायची. तीस वर्षं तिच्याकडे पाठ करून उभी होते, तिचं काम माझ्या डोक्यात आलंच नाही.

म्हणून म्हटलं, करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही. माझ्याकडे लहान पातेलं नव्हतं, शिंपीणबाईचं आणलं. पहिल्या दिवशी हात आवरला नाही, चौघांचं झालं. शिंपीणबाई, तिची सासू आणि तिच्याकडे ब्लाउज टाकायला आलेली एक अनोळखी बाई जेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी दोघांचं. तिसऱ्या दिवशी एकाचं झालं. आता लिहिते, आणि सोनाराचा काटा परत देऊन टाका.

मश्रूमची देठं वेगळी करा. देठं ठेचून दोन वाट्या पाण्यात उकळत ठेवा, तोच तुमचा रस. हे तक्त्यावर नव्हतं, माझं आहे. वरच्या टोप्या जाड चिरा, बोटाएवढ्या जाड, आणि कोरड्या पातेल्यात परता. आधी पाणी सुटेल, घाबरू नका, ते आटून कडा तांबूस होऊ द्या. मग चमचाभर तेल, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, नखाएवढं आलं, गाजराच्या चार चकत्या. वास सुटला की देठांचं पाणी गाळून घाला. चिकनचे पातळ तुकडे सोडा, झाकण ठेवा, आठ-दहा मिनिटं मंद आचेवर. तुकडे बाहेर काढून मोडून बघा, आतून पांढरे झाले असतील तर हाताने तंतू सोडवा आणि परत घाला. मीठ आता, आधी नाही. नूडल्स शेजारी वेगळ्या उकडून मूठभर वाडग्यात. वर सूप, चिमूटभर मिरी, अर्ध्या लिंबाच्या फोडीचा रस. घड्याळ लावून केलंय, पंचवीस मिनिटं. पंचवीस मिनिटं तुम्ही दुकानात जाणार नाही, तिथेच उभे राहाल.

केलं तर टाकणार कुठे, म्हणून मीच बसून प्यायले. टेबलावर, नीट खुर्चीवर बसून. दादा गेल्यापासून सकाळ-संध्याकाळ चहा-टोस्टवर भागत होतं. एकीसाठी कोण चूल पेटवतं? बरं लागलं. आज परत केलं.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

प्यायली!

जसं लिहिलंत तसं केलं, शेगडीपासून हललो नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, जाऊ दे. पहिला चमचा तोंडात घेतला आणि थांबली. मला वाटलं, आता ढकलणार. ढकललं नाही. पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, "आलं जास्त झालं का?" मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग अर्धं वाडगं प्यायली. संध्याकाळी स्वतःहून विचारलं, "उरलंय का?" उरलेलं नव्हतं, मी परत केलं. "मश्रूम कुणी चिरले?" म्हणाली. मी म्हटलं, मीच. खोटं नाही बोललो. "कृती कुणाची?" असं तिने विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

चार दिवस दोन वेळा चाललंय. आज वजन एकोणचाळीस आणि आठशे ग्रॅम. आज खरा आकडा सांगितला तिला.

वहिनी, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? तुम्ही हाकलून दिलं असतंत तरी मी ऐकून घेतलं असतं. तुम्ही तीन दिवस उसन्या पातेल्यात घाट घातलात. तुमची सगळी पत्रं मी दुकानातल्या बंद पडलेल्या लंबकाच्या घड्याळात ठेवली आहेत, तिच्या हाती लागणार नाहीत.

आणि एक विचारतो. चहा-टोस्टवर दोन वर्षं? आम्हाला कळवलं नाहीत. कान कुणाचा पिरगाळायचा?

घड्याळ्या


५ मार्च

भाऊजी,

माझा कान सोडा, तो तसाही कामाचा राहिलेला नाही.

आठशे ग्रॅम वाचून मी शिंपीणबाईला मिठीच मारली, तिच्या तोंडात टाचण्या होत्या. आता पुढचं. एका जागी वजन अडलं की एक अंडं फेटून उकळत्या सुपात बारीक धारेने सोडा आणि ढवळत राहा. चिकन थोडं वाढवा. मोठं वाडगं देऊ नका, लहान वाडगं चार वेळा. मोठं वाडगं बघूनच आजारी माणसाचा धीर सुटतो. माझ्या दवाखान्यात पाहिलंय.

रडली ते आल्याने नसेल, मिरी जास्त पडली असेल. चिमूट तुमच्या बोटांची नाही, माझ्या बोटांची धरायची.

तुम्ही आभार मानताय आणि मला लाज वाटतेय. खरं सांगू? तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा एक क्षणभर मनात आलं, आता हवं झालं का माझं सूप? तेव्हा पाहुण्यांसमोर नको झालं होतं, चार लोकांत जाऊबाई दवाखान्यातली स्वयंपाकीण म्हणून कमीपणा वाटला होता. सात वर्षं हेच उगाळत बसले, भाऊजी. दादा म्हणायचे, एकदा विचार तिला. मी म्हणायची, मी का विचारू? ते गेले, आणि विचारायचं राहूनच गेलं. आता तिचं वजन वाढू दे, मला उत्तर नको.

मी रोज करते हल्ली. स्वतःचं लहान पातेलं विकत आणलं. निळ्या दांड्याचं आहे.

वहिनी


३० मार्च

जाऊबाई,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही, सात वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. मी धाकटी. ह्यांना सांगितलेलं नाही की लिहितेय, ते दुकानात आहेत.

आधी आकडा सांगते, नाहीतर तुम्ही शेवटचं पान उलटाल. बेचाळीस किलो तीनशे ग्रॅम. आज सकाळी, डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर, शाल आणि चपला काढून. त्यांनी दोनदा उभं केलं. अकरा एप्रिलला, सोमवारी, उपचार सुरू.

घड्याळवाल्याने पत्रं लपवली कुठे, तर लंबकाच्या घड्याळात. ते घड्याळ पुसायचं काम बावीस वर्षं माझं आहे! जरा चालायला लागले तशी फडकं घेऊन गेले, आणि हाताला पाकिटं लागली. सगळी वाचली. रागावू नका.

पण कृती तुमची हे कळायला पत्रं लागली नाहीत. पहिल्याच चमच्याला कळलं. देठं ठेचून त्याचा रस जगात दुसरं कोण काढतं? तुम्हीच एकदा माझ्या खाटेशेजारी बसून सांगितलं होतंत, देठं टाकतात लोक, खरी चव तिथे असते. म्हणून रडले. आलं बेताचं होतं आणि मिरीही. बोलले नाही, कारण बोलले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं. आज सांगते.

ते अकरा दिवस तुमच्या लक्षात असतील की नाही, मला माहीत नाही. तुमच्यासाठी मी ऐंशीतली एक. तुमची पाळी संपली की तुम्ही वाडगं घेऊन तिसऱ्या मजल्यावर यायचात, लाकडी स्टुलावर बसायचात, आणि काही बोलायचा नाहीत. सगळे बोलत होते. दुसरं होईल, देवाची मर्जी, रडू नकोस, रडून घे. तुम्ही फक्त बसायचात, मी पीत नाही तोवर. मश्रूमचं एवढं तेवढं काय ते बोलायचात. त्या अकरा दिवसांत मी जगले ती त्या वाडग्यावर. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. एकोणीस वर्षांत एकदाही आभार मानले नाहीत.

आणि मग दादांच्या निवृत्तीचं जेवण. सगळे हसतायत, भांडी वाजतायत, आणि तुम्ही माझ्यासमोर वाडगं ठेवलंत. वाफ तोंडावर आली आणि मी त्या खाटेवर होते. तोच वास, शेजारी तो रिकामा पाळणा. मला श्वास घेता येईना. मी वाडगं ढकललं, पुढे तुम्ही उभ्या होतात, आणि उठून न्हाणीघरात जाऊन दार लावलं. बाहेर आले तेव्हा तुमचा चेहरा दगडाचा झाला होता. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी लाज वाटली, महिन्याने जास्त वाटली, वर्षाने तोंडच उरलं नाही. कमीपणा कसला वाटणार, जाऊबाई? तुमच्याबद्दल मला जे वाटायचं ते एवढं मोठं होतं की मला ते उचलता आलं नाही.

आता त्या वासाने खाट आणि पाळणा आठवत नाही. हे डोळ्यावर भिंग लावून मश्रूमची देठं तपासतात, ते आठवतं. ही तुमची कृपा, आणि थोडी सोनाराच्या काट्याची.

मनापासून आभार. तेव्हाचे आणि आताचे, दोन्ही.

आणि माझं एक ऐका. दोन वर्षं चहा-टोस्ट खाल्लेल्या बाईने मला तीन किलोंहून जास्त वाढवायला लावलं. तुमचं वजन किती आहे? काट्यावर उभ्या राहा आणि खरा आकडा कळवा. वाढवून सांगू नका, घरात एकजण ते करतो, तेवढा पुरे. आणि एकीचं माप आता पाठ झालं, दोघींचं माप कळवा. भागाकार ह्यांच्याकडे देणार नाही.

तुमची धाकटी


४ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र शिंपीणबाईला वाचून दाखवलं नाही. कुणालाच नाही. दाराला कडी लावून तीनदा वाचलं, आणि मग दादांच्या फोटोसमोर उभं राहून म्हटलं, विचारायला हवं होतं, तुमचं बरोबर होतं. ते ऐकायला नाहीत याचं वाईट वाटलं. त्यांना फार आनंद झाला असता.

अकरा दिवस लक्षात नसतील म्हणतेस? तू ऐंशीतली एक कधीच नव्हतीस गं. बाकीच्यांची वाडगी ट्रॉलीवर जायची. तुझं मी हातात घेऊन यायची, जिन्याने, लिफ्टची वाट बघितली तर निवेल म्हणून. बोलायची नाही कारण मला काय बोलावं ते कळायचं नाही. त्या खोलीतून खाली आलं की मी भांड्यांच्या खोलीत जाऊन रडायची. तू त्याचे आभार मानशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि मी मात्र एका ढकललेल्या वाडग्यावरून सात वर्षं अडून बसले. आता तूच आभार मानतेस आणि माझ्याकडे द्यायला काही नाही. तरी मानते. तुझ्या आजारपणाचे नाही, ते मरू दे. तुझ्यासाठी करून बघायचं होतं, म्हणून मी चूल पेटवली. मी जेवायला लागले. तू वाचलीस म्हणतेस माझ्यामुळे, आणि इथे मला कुणी वाचवलं?

वजन केलं. औषधांच्या दुकानातल्या काट्यावर, चपला काढून, खरा आकडा: त्रेचाळीस. दुकानदार म्हणाला, आजी, काट्यात बिघाड असेल. बिघाड काट्यात नाही, बाबा, टोस्टात आहे, म्हटलं मी.

दोघींच्या मापाचं लिहायला तीनदा बसले. ऐंशीचं पाठ आहे, एकीचं शिकले, दोघींचं एकदाच चुकून झालं, तेव्हा मोजलं नाही, मग लिहू काय? करूनच बघावं लागेल. रविवारच्या सकाळच्या गाडीने येते, सोमवारी तुझ्याबरोबर दवाखान्यात येणार, आणि पुढे तुझा उपचार संपेपर्यंत तुमच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम. निळ्या दांड्याचं पातेलं बरोबर आणते. घड्याळ्याला सांग, स्टेशनवर या, आणि हाक मारू नका, हात हलवा, मला ऐकू येत नाही.

खाटेशेजारी स्टूल ठेवू नकोस, या गुडघ्यांना आता पाठ टेकायची खुर्ची लागते. आणि वाफ तोंडावर आली, श्वास अडकला, तर खुशाल वाडगं ढकल. या खेपेला मी मनात धरणार नाही, तिथेच बसून राहीन.

तुझी जाऊबाई